भिंतीपलीकडची दुसरी इयत्ता

मिस्त्रीने वाकवलेल्या पेटीच्या कोपऱ्यात नख घालायला जागा सापडत नसे, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाने तसं करून बघावं अशी त्याची मनापासून इच्छा असे. "घाला नख, घाला," तो म्हणायचा. गिऱ्हाईक बिचारं नख घालायचं, नख दुमडायचं, आणि मिस्त्रीचा दिवस आनंदात जायचा. पेट्या, डबे, भट्ट्यांची धुराडी, जे म्हणाल ते तो पत्र्यातून करून द्यायचा आणि खोटं काम कधी करत नसे. एवढं मात्र खरं की आपल्या सरळपणाचं त्याला जरा जास्तच कौतुक होतं.

कोपरे असे नेटके येण्यामागची युक्ती त्याच्या वडिलांची. दुकानाच्या मागच्या भिंतीत त्यांनी मनगटाएवढी जाड लोखंडी दांडी हातभर आत रोवून, टोक वीतभर बाहेर ठेवलं होतं. तिच्यावर पत्रा घालायचा आणि वरून हातोडा. जमिनीवरची ऐरण दर घावाला केसभर तरी हलते. ही दांडी हलत नव्हती, कारण अख्खी भिंत तिला धरून उभी होती. भिंतीच्या पलीकडे शाळा होती, आणि नेमका दुसरीचा वर्ग. त्या वर्गात यंदापासून मिस्त्रीची मुलगी बसत होती.

मुलीला घरी भिंगरी म्हणत. पहिली संपेपर्यंत ती एका जागी पाच मिनिटं बसली असेल तर ती अंगात ताप असताना. अलीकडे मात्र शाळेतून आली की दप्तर टाकून पलंगावर पालथी पडायची. डोकं दुखतं म्हणायची, नखं कुरतडायची, झोपेत दचकायची. तिची आई लाँड्रीत इस्त्रीकाम करायची. दिवसभर वाफेत उभी राहून आलेली असली तरी पोरीचा चेहरा तिच्या नजरेतून सुटत नसे.

"अहो, पोरगी सुकत चाललीय," ती म्हणाली. म्हणजे तिने ते तीनदा म्हटलं. मिस्त्रीने टीव्ही इतका मोठा लावलेला असायचा की शेजाऱ्यांनी स्वतःचा लावायचाच सोडून दिला होता.

"उंच होतेय," मिस्त्री म्हणाला. "उंच होताना पत्रासुद्धा पातळ होतो."

मग एके दिवशी दप्तरातून चिठ्ठी आली. बाईंनी भेटायला बोलावलं होतं.

दुसरीच्या बाई किरकोळ अंगाच्या होत्या आणि त्यांचा घसा कायम बसलेला. टेबलावर गरम पाण्याचा थर्मास असे आणि दर दोन वाक्यांनंतर त्या त्यातला एक घोट घेत. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी मिस्त्रीला समोर बसवलं. त्याच्या नजरेची एक सवय त्यांच्या लगेच लक्षात आली. तो डोळ्यांकडे न बघता बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा.

"तुमची मुलगी वाचनात फार मागे आहे," बाई म्हणाल्या. "वर्ष संपतंय. या महिनाअखेरीला हेडमास्तर प्रत्येकाकडून एक धडा वाचून घेतात. ज्याला जमत नाही, त्याला परत दुसरीत बसावं लागतं."

 मिस्त्रीला स्वतःला याच खोलीत दुसरीत दोनदा बसवलं होतं. दुसऱ्या वर्षी बरोबरची बुटकी पोरं त्याला 'काका' म्हणायला लागली. तिसऱ्या वर्षी तो शाळेत गेलाच नाही, वडिलांच्या हाताखाली पत्रे कापायला बसला. ही गोष्ट तो हसत हसत सांगायचा, पण भिंगरीला कुणी 'काकू' म्हटलेलं त्याला सहन झालं नसतं.

"डोक्याने कमी आहे का ती?" त्याने विचारलं.

"मुळीच नाही. बाजूला घेऊन विचारलं तर सगळं सांगते. पण ह्या भिंतीलगतच्या रांगेतली अकराच्या अकरा मुलं मागे पडलीत. खिडकीकडची पुढे गेली. दर वर्षी हेच होतं."

"मग भिंतीकडे हुशार पोरं बसवा."

"बसवून पाहिली," बाई म्हणाल्या. "तीही मागे पडली."

 बाईंनी घोट घेतला आणि इतके दिवस ओठांवर अडवलेलं बोलून टाकलं. "आवाज फार होतो हो."

"कसला?" मिस्त्रीने विचारलं.

बाईंना वाटलं, माणूस आपली टिंगल करतोय. त्यांचे कान लाल झाले. पण समोरचा चेहरा इतका भाबडा होता की रागावणंही जमेना. "तुम्ही एकदा येऊन बसा," त्या म्हणाल्या. "तासभर. दुकान चालू ठेवून."

हे मिस्त्रीला पटलं. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्यातला तो नव्हता. हेडमास्तरांनाही त्याने सांगून टाकलं, "मी स्वतः बसतो. त्रास होत असेल तर माझ्या तोंडाने सांगेन." दुकानात त्याचा मेहुणा हाताखाली काम करायचा. त्याला सकाळीच बजावलं, "रोजच्यासारखं ठोकायचं. मी पलीकडे आहे म्हणून हात आखडलास तर बघ."

"दाजी, मी कशाला आखडतोय," मेहुणा म्हणाला. खाणाखुणा करून म्हणाला, कारण दुकानात सगळं बोलणं हातांनीच चालायचं. दोन बोटं म्हणजे कात्री, पालथा पंजा म्हणजे थांब. आवाजावर ओरडून घसा कोण फोडणार.

मिस्त्री शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला. पोरं खुसखुसली. भिंगरी दोन बाकं पुढे होती, ती सारखी मागे वळून बघत होती. बाईंनी धडा वाचायला घेतला. मिस्त्रीने कान दिले, डोळेही दिले, आणि त्याला वाटलं, बाईंचा आवाज फारच बारीक आहे. मुलांना कळायचं कसं?

मग त्याच्या तळहाताखाली बाक थरथरायला लागलं. मेहुण्याचा हात चालू झाला होता. मिस्त्रीने बाकावर पंजा पसरून अंदाज घेतला. घाव एकसारखे पडत होते, ताल सुटत नव्हता. बरा तयार झालाय, त्याला वाटलं. आवाज म्हणाल तर लांब कुठे कुणी गादी झोडपत असावं तेवढाच.

बाई मधेच थांबल्या. ओळीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या, दुसऱ्या हाताने फळ्याच्या कोपऱ्यात खडूची एक रेघ ओढली, आणि थोड्या वेळाने पुढे वाचायला लागल्या. पुन्हा थांबल्या, पुन्हा रेघ. भिंतीलगतच्या अकराही मुलांनी एका वेळी कानांवर तळवे ठेवले, काढले, परत ठेवले. मिस्त्रीला ही शिस्त आवडली. काहीतरी कवायत असावी, आमच्या वेळी नव्हती, असं त्याच्या मनात आलं. तास संपला तेव्हा कोपऱ्यात एकतीस रेघा होत्या. त्याला वाटलं, आजचं गणित असेल.

हेडमास्तर दाराशी वाटच बघत होते.

"खरं सांगतो," मिस्त्री म्हणाला, आणि तो खरंच खरं सांगत होता, "मला काही त्रास जाणवला नाही. बाईंनी जरा मोठ्याने वाचलं तर पोरांना बरं पडेल."

हेडमास्तरांचा जीव भांड्यात पडला. वर्षानुवर्षं ही तक्रार त्यांच्या मानेवर बसली होती आणि तिचं काय करायचं ते त्यांना कधीच सुचलं नव्हतं. त्यांनी वही उघडून लिहिलं, 'पालकांनी वर्गात बसून खात्री केली. आवाजाचा त्रास आढळला नाही.' मिस्त्रीने खाली सही ठोकली.  बाईंनी थर्मासचं झाकण उघडलं, आत पाणी नव्हतं, परत लावलं.

घरी जाताना भिंगरीने त्याचा हात ओढला. त्याच्याशी बोलायचं तर आधी हात ओढायचा, हे तिला बाळपणापासून माहीत होतं.

"बाबा, तुम्हाला खरंच आवाज नाही आला?" ती ओरडून म्हणाली.

"नाही गं. कुठे होता आवाज?"

 संध्याकाळी आईच्या कुशीत शिरून भिंगरीने हळूच सांगितलं, "आई, बाबांना आवाज येत नाही, आणि बाबा खोटं बोलत नाहीत. तो फक्त माझ्या डोक्यात आहे. माझं डोकं बिघडलंय."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने लाँड्रीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि दुसऱ्याच दिवशी बापलेकींना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मिस्त्री निमूटपणे गेला, कारण बायको आवाज न चढवता बोलत होती. तसं ती फक्त फार घाबरली की बोलायची. तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला ते कळलं.

कान तपासायची खोली म्हणजे मोठ्या कपाटाएवढी पेटी होती, आतून मऊ कापडाने मढवलेली, समोर काच. भिंगरी दारातच अडून बसली. आत जाईना, जोर केला तर रडेना, नुसती चौकट धरून होती.

"अगं, त्यात काय आहे," मिस्त्री म्हणाला. "मी आधी बसतो. बघ हं."

तपासणाऱ्या ताईंनी त्याच्या कानांवर मोठी टोपणं चढवली. शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा, एवढंच. मिस्त्री ताठ बसला. काचेपलीकडे पोरीला धीर यावा म्हणून हसला. शिट्टीची वाट बघितली. ताई बटणं फिरवत होत्या. तो वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने एक जाडसर आवाज आला तेव्हा त्याने हात वर केला. मग परत सगळं सामसूम.

"ताई, मशीन बंद पडलं वाटतं," तो म्हणाला.

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. मिस्त्रीला बोलणं ऐकू येत नसलं तरी चेहरे वाचता येत होते. तो सगळं आयुष्य तेच करत आला होता. मशीन बंद नव्हतं.

त्याच्यानंतर भिंगरी आत गेली. तिचा हात इतक्या वेळा वर गेला की शेवटी ताईंनाच हसू आलं. तपासणी झाली तरी ती बाहेर येईना.

"इथे किती छान आहे," ती म्हणाली. "काहीच नाहीये इथे. मी इथे माझा धडा वाचू?"

ताईंनी होकार दिला. दप्तरातून पुस्तक निघालं. काचेपलीकडे भिंगरी बोट ठेवून वाचायला लागली आणि तिचा आवाज बाहेरच्या छोट्या स्पीकरमधून येत होता. अडखळली, मागे गेली, परत वाचलं, पण थांबली नाही. अख्खं पान. आई रडत ऐकत होती. मिस्त्री काचेला नाक लावून तिचे ओठ हलताना बघत होता. घरात ती त्याच्याशी नेहमी ओरडून बोलायची. तिचा साधा, न ओरडलेला आवाज कसा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही आजपर्यंत ठाऊक नव्हतं.

डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते. त्यांनी मान खाली न घालता, मिस्त्रीला ओठ दिसतील असं सांगितलं. "मुलीचे कान उत्तम आहेत. डोकंही उत्तम. आवाज खरा आहे. तुमचं माझं अर्धं वाक्य बुडालं तर आपण बाकीचं अंदाजाने भरून घेतो. लहान मुलाजवळ भरायला साठाच नसतो. ते जोर लावून ऐकतं, दमतं, आणि सोडून देतं. मग डोकेदुखी, झोप नाही, हे सगळं मागोमाग येतं."

"आणि माझं?" मिस्त्रीने विचारलं.

"तुमचं गेलंय ते परत येणार नाही. यंत्राने थोडी मदत होईल. उरलंय ते सांभाळा."

बाहेर आल्यावर मिस्त्री पोरीसमोर उकिडवा बसला. "आवाज तुझ्या डोक्यात नाही," तो म्हणाला. "माझ्या दुकानात आहे. मला ऐकू येत नाही, म्हणून मी नाही म्हटलं. चूक माझी." भिंगरीने त्याच्या गळ्यात हात टाकले. खरं तर एवढ्यावर त्याला माफी मिळाली होती, पण त्याचं स्वतःचं समाधान होईना.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला आणि हेडमास्तरांकडे ती वही मागितली. आपल्या सहीखाली, दोनदा दुसरीत बसलेल्या माणसाच्या अक्षरात, त्याने लिहिलं, 'माझी साक्ष चुकीची होती. मला ऐकू येत नाही. आवाज आहे.' हेडमास्तर म्हणाले, अहो, असू द्या, लिहायला कशाला हवं. पण मिस्त्रीने लिहिलं. पत्र्याच्या कामात वाकडा कोपरा झाकता येत नाही, परत उघडावाच लागतो. मग तो बाईंकडे गेला. त्यांनी त्या रेघा कशाच्या ते सांगितलं. एका तासात एकतीस वेळा वाचन थांबलं होतं. मिस्त्री फळ्याच्या त्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला.

ती रविवारची सुट्टी त्याने दांडी उपटण्यात घालवली.

"दाजी, वडिलांची आठवण आहे ती," मेहुणा कळवळून म्हणाला. "आणि कोपरे? कोपरे कसे करणार?"

"जसे येतील तसे."

भिंत फोडत गेल्यावर कळलं, दांडी पार पलीकडच्या गिलाव्यापर्यंत पोचली होती. बोटभर अंतर राहिलं होतं फक्त. म्हणजे इतकी वर्षं दुकानातला प्रत्येक घाव त्या पोरांच्या पाठीवर बसत होता. मिस्त्रीच्या मनात आलं, मी त्या रांगेत दोन वर्षं बसलो तेव्हा इकडून माझे वडील ठोकत होते. मी मठ्ठ होतो की नव्हतो, आता कोण सांगणार. त्याला वडिलांचा राग आला नाही. त्यांनाही शेवटी शेवटी हात ओढल्याशिवाय ऐकू येत नसे. पण त्या भगदाडासमोर बसून तो रडला, आणि मेहुणा कात्रीला तेल द्यायच्या निमित्ताने रस्त्यावर निघून गेला.

भगदाड बुजवलं. दुकानाच्या मधोमध लाकडाचा बुंधा, त्याखाली वाळूची पोती, त्यावर ऐरण. शाळा चालू असताना फक्त कापायचं, आखायचं, कथलाचा डाग देऊन सांधायचं. हातोडा दुपारी, पोरं घरी गेल्यावर. पहिल्या आठवड्यातच एका गिऱ्हाइकाने सवयीने कोपऱ्यात नख घातलं आणि ते आत गेलं. "मिस्त्री, हे काय?" तो म्हणाला. मिस्त्रीने पेटी चार पैसे कमी लावून दिली, आणि रात्री जेवला नाही.

महिनाअखेरीला बाराच दिवस उरले होते, आणि बारा दिवसांत काही जादू होत नसते. बाई शाळा सुटल्यावर भिंतीकडच्या अकराही मुलांना अर्धा तास थांबवून घेत. तेवढा वेळ मिस्त्रीचा हातोडा अजून थांबे. मेहुण्याने एकदा घड्याळ दाखवलं, मिस्त्रीने पालथा पंजा दाखवला. भिंगरीचं डोकं दुखायचं थांबलं. नखं मात्र ती अजून कुरतडत होती.

वाचनाच्या दिवशी पालकांना वर्गाच्या मागे उभं राहायची मुभा होती. बायकोला लाँड्रीतून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मिस्त्री एकटाच आला, धुतलेला शर्ट घालून. कानांची यंत्रं अजून यायची होती. भिंगरीची पाळी आली. ती टेबलाजवळ उभी राहिली, पुस्तक धरलं, आणि मान खाली घालून वाचायला लागली. पुस्तकाआड तिचं तोंड दिसत नव्हतं. म्हणजे मिस्त्रीकडे आता ओठही नव्हते.

वर्ग शांत असावा. कुणी कानावर हात ठेवत नव्हतं. त्याने शेजारच्या बाईला, कुणा मुलाच्या आईला, दबक्या आवाजात विचारलं, "चुकतेय का ती?" तो आवाज दबका नसावा, कारण चारजणांनी मागे वळून पाहिलं.

तिने त्याच्याकडे तोंड करून सांगितलं, "एकदा अडली. आता चाललंय."

पान उलटलं गेलं. त्याला ते दिसलं. मग हेडमास्तर काहीतरी म्हणाले, वहीत काहीतरी लिहिलं, आणि बाईंचा हात तोंडावर गेला. हात तोंडावर आनंदानेही जातो आणि वाईट वाटूनही जातो. मिस्त्रीला कळेना. तो भिंतीला टेकला.

भिंगरी पळत आली, हात ओढला, आणि तीन बोटं वर केली. "तिसरी, बाबा."

भिंतीकडच्या बाकीच्या दहांपैकी सात जण तिसरीत गेले, तिघं राहिले. ते कळायचं होतं अजून. त्या क्षणी मिस्त्रीने पोरीला उचललं आणि तिचं डोकं छताला लागता लागता राहिलं.

"माझं वाचन ऐकलंत ना?" खाली उतरल्यावर तिने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, आणि खरं काय ते कुणी तपासणार नव्हतं. "नाही गं," मिस्त्री म्हणाला. "एक शब्दही नाही ऐकू आला."

भिंगरीने जरा विचार केला. मग त्याला बाहेर नेऊन पायरीवर बसवलं, पुस्तक उघडलं आणि त्याच्या कानाला तोंड लावलं. "ओरडून वाचू?"

"नको. वाचतेस तसंच वाच."

समोर बसवून ओठ बघितले असते तर त्याला सगळा धडा कळला असता. पण त्याला तिचा आवाज हवा होता. तो मान तिरकी करून बसून राहिला. कानाला ऊब लागत होती, आणि त्यातून मधूनच काहीतरी बारीक, हलकं येऊन परत बुडून जात होतं. पान संपेपर्यंत त्याच्या हाती चार शब्द लागले. ते त्याने एकेक करून तिला म्हणून दाखवले. तिने पुस्तकात बोट ठेवून तपासले आणि सांगितलं, तीन बरोबर आहेत.